घरात ल्युपस आहे: लाळेची डीएनए टेस्ट करायची, की साधं रक्त-लघवी तपासायचं?

आईला किंवा ताईला ल्युपस, म्हणजे प्रतिकारशक्ती स्वतःच्याच शरीरावर उलटण्याचा आजार, निघतो, बांबोळीला गोमेकॉच्या (गोवा मेडिकल कॉलेजच्या) फेऱ्या सुरू होतात आणि काही दिवसांनी घरातली दुसरी मुलगी विचारते, "मलाही होईल का? ऑनलाइन डीएनए टेस्टचं किट मिळतं, ते मागवू?" फोंड्यात लॅबमध्ये काम करताना हा प्रश्न मी वरचेवर ऐकते. माझं मत आधीच सांगते. अंगाला काही त्रास नसेल तर किट नको. पण मुलीची भीती उगाच आहे असं कुणी म्हणू नये.

ल्युपसच्या दर दहा रुग्णांत साधारण नऊ बायका असतात. शोग्रेन्स या डोळे-तोंड कोरडं पाडणाऱ्या त्याच जातीच्या आजारातही जवळपास तसंच. ऱ्हुमॅटॉइड संधिवातात तीन बायकांमागे एक पुरुष. बरेच जण हे सगळं हार्मोन्सवर ढकलून मोकळे होतात. हार्मोन्सचा हात आहेच, पण तेवढ्यावर भागत नाही. काही पुरुष जन्मतःच एक जादा एक्स गुणसूत्र घेऊन येतात, म्हणजे एक्सएक्सवाय. ते पुरुषच असतात, तरी त्यांचा ल्युपसचा धोका इतर पुरुषांच्या सुमारे १४ पट, जवळजवळ बायकांइतका असतो.

बाईच्या पेशीतल्या दोन एक्सपैकी एक बंद राहतं, हे मेरी लायन यांनी १९६१ मध्ये मांडलं. मात्र बंद एक्सवरचीही साधारण १५ टक्के जनुकं थोडीफार चालू राहतात. त्यातलं टीएलआर७ मला सर्वांत महत्त्वाचं वाटतं. विषाणूचा आरएनए ओळखून प्रतिकारशक्तीला जागं करणं हे त्याचं काम. बायकांच्या काही बी-पेशींत (अँटिबॉडी बनवणाऱ्या पांढऱ्या पेशींत) ते दोन्ही एक्सवरून चालतं, आणि मग शरीराच्या स्वतःच्याच आरएनएवर हल्ला होण्याची शक्यता वाढते. त्यात भर एक्झिस्टची. दुसरं एक्स बंद करणारा हा लांबलचक आरएनए. त्याला चिकटलेल्या प्रथिनांविरुद्धच अँटिबॉडी तयार होतात. २०२४ मध्ये स्टॅनफर्डच्या हॉवर्ड चँग यांच्या गटाने नर उंदरांत एक्झिस्ट बनेल अशी सोय केली आणि रसायन टोचून ल्युपससारख्या आजाराला चिथावलं. तेव्हा नरांतही तो माद्यांच्या जवळपास पातळीला पोचला.

आता किटकडे वळू. दोन एक्स असणं हा सर्वांत मोठा धोका, आणि तो जगातल्या जवळपास प्रत्येक बाईला आहे. तो कळायला लाळ पाठवायची गरज नाही. कुठल्या पेशीत कुठलं जनुक बंद एक्सवरूनही चालू राहिलं, हे तर लाळेतल्या डीएनएच्या अक्षरांत दिसतच नाही. शिवाय किटवाले जो 'रिस्क स्कोअर' देतात, तो ज्या मोठ्या अभ्यासांवर उभा असतो ते बहुतांशी युरोपीय वंशाच्या लोकांवरचे, आणि त्यांपैकी कितीतरींच्या विश्लेषणात एक्स गुणसूत्र सरळ गाळलेलं. म्हणजे जिथे प्रश्न आहे, नेमकी तीच जागा कोरी. सारखे जुळे घेतले, डीएनए अगदी एक, तरी एकीला ल्युपस असताना दुसरीला तो बहुतेक वेळा होत नाही.

एक अपवाद मात्र मनापासून सांगायचा आहे. आजार अगदी लहान वयात आणि जोरात आला असेल, तर जनुकीय तपासणीला खरंच अर्थ आहे. २०२२ मध्ये स्पेनमधल्या एका मुलीत टीएलआर७ मधला एकच बदल ल्युपसला कारण ठरल्याचं सिद्ध झालं. तिचं निदान सातव्या वर्षी झालं होतं. पण ती तपासणी डॉक्टरांनी सांगून, समुपदेशनासह करायची असते. घरपोच किटचं ते काम नव्हे.

दुसऱ्या बाजूला साध्या तपासण्या. इथेही सरसकट सगळं करू नका. सर्वांत जास्त गोंधळ एएनए घालते, म्हणजे स्वतःच्याच पेशींच्या केंद्रकाविरुद्धच्या अँटिबॉडी शोधणारी रक्ताची टेस्ट. रक्तातला द्रव चाळीस पट पातळ करून, म्हणजे १:४० या पातळीला निरोगी माणसांतही सुमारे ३० टक्के पॉझिटिव्ह येतात, १:१६० ला ५ टक्के. रिपोर्टवर 'पॉझिटिव्ह' शब्द वाचून ऐन चवथीत अन्न गोड न लागलेल्या मुली मी पाहिल्या आहेत, आणि त्यांना काहीही झालेलं नव्हतं. त्रास नसताना एएनए नको.

त्रास असेल तेव्हा मात्र तीच टेस्ट मोलाची. डिचोलीकडची एक मुलगी आली होती. काजूच्या हंगामात बागेत उन्हात राबली की दोन्ही गाल लाल, पण नाकपुडीपासून ओठांच्या कडेला उतरणारी घडी कोरी. सकाळी बोटं आखडायची. घरच्यांना वाटलं ऊन लागलं. अशा वेळी एएनएबरोबर हिमोग्राम, क्रिएटिनिन आणि लघवीतलं प्रथिन बघायलाच हवं. लघवीला फेस येत असेल तर दिवस घालवू नका, मूत्रपिंड दुखत नाही. आणि ल्युपसवाल्या घरात थायरॉइडचा त्रासही बऱ्याचदा असतो. थकवा, केसगळती, पाळीची गडबड असेल तर टीएसएच ही थायरॉइडची टेस्ट करा. ती स्वस्त आहे, आणि काही निघालं तर गोळीही स्वस्त.

भावाचा हिशेब वेगळा. चाळिशीच्या आतला मुलगा, कंबर तीन महिन्यांहून जास्त दुखते, पहाटे आखडते, हालचाल केली की मोकळी होते आणि बसून राहिलं की पुन्हा धरते, तर एचएलए-बी२७ करावी. ही जनुकाचीच टेस्ट, पण अशा लक्षणांसोबत ती उपयोगाची. अँकिलोझिंग स्पॉन्डिलायटिस, म्हणजे पाठीच्या कण्याचा संधिवात, पुरुषांत दोन-तीन पट जास्त दिसतो. कंबर दुखत नसेल तर तीही नको, कारण बी२७ असलेल्या बहुतेकांना तो आजार कधीच होत नाही. बहिणीची कंबर अशीच दुखत असेल तर "बायकांना होतच नाही" म्हणून तिला परत पाठवू नये. तिचं निदान आधीच उशिरा होतं. तसंच उन्हाने गाल लाल होणाऱ्या भावाचीही एएनए करा. ल्युपस पुरुषांत कमी, पण होतो तेव्हा बरेचदा जास्त तीव्र असतो.

ज्या मुलीला ल्युपस किंवा शोग्रेन्सचं निदान झालेलं आहे, तिने दिवस राहण्याआधी अँटी-आरओ ही अँटिबॉडी तपासावी, कारण ती आईकडून बाळापर्यंत पोचते. ती पॉझिटिव्ह असेल तर १ ते २ टक्के गर्भांत बाळाच्या हृदयाचे ठोके मंदावतात. आधी माहीत असेल तर हायड्रॉक्सिक्लोरोक्विन हे ल्युपसचं औषध चालू ठेवता येतं आणि साधारण सोळाव्या आठवड्यापासून बाळाच्या हृदयावर लक्ष ठेवता येतं. किटचे पैसे बाजूला असतील तर आधी हे करा, आणि ओपीडीला जाताना आईची जुनी फाइल सोबत न्या.