पक्षी अभ्यासासाठीचे १२ मीटरचे मिस्ट नेट : तीन हंगामांच्या वापरानंतरचा अभिप्राय

हिवाळी पाहुण्या वटवट्यांच्या (चिमणीहून लहान पक्षी) पायात ओळखीची रिंग घालण्याच्या कामासाठी आमच्या गटाने हे मिस्ट नेट, म्हणजे दोन काठ्यांमध्ये उभे लावायचे बारीक धाग्याचे जाळे, घेतले आणि सह्याद्रीच्या एका देवराईच्या कडेला ते तीन हंगाम वापरले. काळ्या पॉलिस्टर धाग्याच्या या जाळ्याची लांबी १२ मीटर, उंची अडीच मीटर आणि जाळीतल्या प्रत्येक लहान चौकटीची बाजू १६ मिलिमीटर असून, आडव्या दोऱ्यांमुळे त्याचे चार कप्पे पडतात. पक्षी पकडण्यासाठी १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार लेखी परवानगी लागते. विक्रेत्याने त्या पत्राची प्रत पाहिल्याशिवाय जाळे पाठवले नाही, याचे मला विशेष समाधान वाटले.

असे जाळे निवडताना त्यात किती पक्षी सापडतील हा प्रश्न दुय्यम मानावा. सापडलेला पक्षी किती लवकर आणि किती निर्धोकपणे मोकळा करता येतो, हीच त्याची खरी परीक्षा. मिस्ट नेटमध्ये पक्षी धाग्यावर आदळतो आणि दोरीखाली लोंबणाऱ्या सैल झोळीत जाऊन पडतो. झोळी फार ताणलेली असली तर तो उसळून निघून जातो आणि फार सैल असली तर गिरक्या घेत स्वतःला गुंडाळून घेतो. या जाळ्यात झोळीचे प्रमाण नेमके साधले आहे, आणि मुख्य म्हणजे जाळीचा धागा आडव्या दोऱ्यांना ठरावीक अंतरावर गाठ मारून पक्का केलेला आहे.

या गाठींचे मोल आम्हाला आधीच्या जाळ्याने शिकवले. ते स्वस्तात मिळाले होते, पण त्यात अशा गाठी नव्हत्या; त्यामुळे वारा सुटला की सगळी जाळी एका काठीकडे सरकून तिथे तिचा ढीग होत असे. अशाच एका ढिगात लालबुड्या बुलबुल सापडला. पक्ष्यांच्या जिभेच्या मुळाशी मागे वळलेले बारीक काटे असतात, त्यांच्यात धागा अडकला होता. शेवटी बारीक कात्रीने धागा कापावा लागला. बुलबुल नीट उडून गेला, पण त्याला जितका वेळ हातात राहावे लागले तो वेळ मला आजही बोचतो, आणि त्याच दिवशी आम्ही ते जाळे कायमचे बाजूला ठेवले.

नव्या जाळ्यात पहिल्याच आठवड्यात हिरवट पर्ण वटवट्या आला. जेमतेम सात-आठ ग्रॅमचा जीव. तो कोणत्या बाजूने शिरला ते आधी पाहिले, झोळीचे तोंड उघडले, त्याने नखांत घट्ट धरलेला धागा सोडवून पाय मोकळे केले, मग पंख आणि शेवटी डोके. मिनिटभरात तो सुती पिशवीत होता. १६ मिलिमीटरच्या चौकटीतून एवढ्या लहान पक्ष्याचा पंख खांद्यापर्यंत आरपार जात नाही, म्हणूनच हे जमते. कबुतरे किंवा कोतवालांसाठी मात्र मोठ्या चौकटीचे जाळे घ्यावे.

उणिवाही आहेत. काठीत अडकवायच्या पाचही नाड्या काळ्याच असल्यामुळे पहाटेच्या अंधारात वरची कोणती आणि खालची कोणती हे कळत नाही. आम्ही वरच्या नाडीला लाल दोरा शिवला. पानांच्या काड्या जाळीत फार अडकतात आणि त्या वेचण्यातच अर्धा तास जातो. संध्याकाळी जाळे बंद करायला उशीर झाला आणि वटवाघूळ सापडले, तर ते दातांनी धागा कुरतडते, शिवाय हातमोज्यांशिवाय त्याला हात लावता येत नाही.

किमतीच्या मानाने हे जाळे मी निःशंकपणे घ्यायला सांगेन, पण अनुभवी रिंगरच्या हाताखाली पक्षी सोडवायला शिकलेल्यांनाच. दर वीस मिनिटांनी फेरी मारण्याइतकी माणसे नसतील, किंवा पाऊस, वारा अथवा कडक ऊन असेल, तर ते उघडू नये. आमच्याकडे दोन जाळ्यांमागे दोन माणसे असतात. तिसरे जाळे घेण्याआधी आम्ही तिसरा माणूस तयार करत आहोत.