संस्थेच्या एफडीच्या पावत्या खोट्या निघाल्या: बडोद्यातल्या विश्वस्तांनी जरूर वाचावे

बडोद्यात मराठी माणसांनी उभ्या केलेल्या लहान धर्मादाय संस्था पुष्कळ आहेत. कुणी मुलांची फी भरते, कुणी औषधपाण्याला मदत करते. कायम निधी बँकेत आणि काम व्याजावर, असा साधा हिशेब. अशाच एका विद्यार्थी मदत निधीचे 48 लाख रुपये 2021 साली गेले. संस्थेचे नाव मुद्दाम देत नाही. तिथल्या विश्वस्तांनी एक रुपयाही इकडचा तिकडे केलेला नव्हता. मुलांच्या काळजीपोटीच ते फसले.

त्या वर्षी बँकांचे व्याजदर पाच-साडेपाच टक्क्यांवर आले होते. 48 लाखांवर सात टक्क्यांनी वर्षाला 3,36,000 रुपये मिळत. सव्वापाच टक्क्यांनी 2,52,000 मिळू लागले. 84,000 रुपयांची तूट म्हणजे सात हजारांप्रमाणे बारा मुलांची फी. त्या बारा मुलांना नाही कसे म्हणायचे, हा प्रश्न बैठकीत पडला असतानाच एक मध्यस्थ ओळखीतून आला. एका नामांकित बँकेत धर्मादाय संस्थांसाठी साडेसात टक्के ‘विशेष दर’ आहे, तीन-चार संस्थांची रक्कम एकत्र दाखवली की मोठ्या ठेवीचा दर लागतो, असे त्याने सांगितले.

खरे तर इथेच थांबायला हवे होते. एकाच दिवशी, तेवढ्याच मुदतीच्या आणि तेवढ्याच रकमेच्या ठेवीला बँकेच्या सगळ्या शाखांत एकच दर द्यावा लागतो, आणि हे दर बँकेने जाहीर केलेले असतात. मोठ्या ठेवीचा वेगळा दर एका ठेवीदाराच्या एकाच ठेवीला लागतो. तेव्हा ती मर्यादा दोन कोटी होती, 2024 पासून तीन कोटी आहे. चार संस्थांची बेरीज करून तो मिळत नाही. शिवाय बाहेरच्या माणसाने अशी ठेव आणून दिली म्हणून त्याला दलाली द्यायला रिझर्व्ह बँकेची मनाई आहे. मग हा माणूस महिनाभर फुकट खेटे का घालत होता, हे कुणीतरी त्याला तोंडावर विचारायला हवे होते.

खजिनदार सत्तरीचे. मध्यस्थ म्हणाला, “काका, तुम्ही उन्हात कशाला येता? फॉर्म मी घरी आणतो, पावत्याही घरपोच देतो.” त्याने ठरावाची प्रत नेली, पॅन आणि ट्रस्ट डीडच्या झेरॉक्स नेल्या, आणि सहीची दोन कोरी लेटरहेडे नेली. ‘बँकेचे ठेव संकलन खाते’ म्हणून बँकेच्या नावाच्या कागदावर एक खाते क्रमांक दिला. जूनमध्ये त्यावर आरटीजीएसने, म्हणजे बँकेतून बँकेत थेट, पैसे गेले. ते चालू खाते एका खासगी पेढीचे होते. आरटीजीएसचे पैसे खाते क्रमांकावर जमा होतात, नाव जुळते की नाही हे तेव्हा पाहिले जात नसे. 1 एप्रिल 2025 पासून पैसे पाठवण्याआधी खातेदाराचे नाव दाखवण्याची सोय बँकांना द्यावी लागते. ती वापरा. तरीही नाव मिळतेजुळते ठेवून फसवता येते, म्हणून रक्कम नेहमी संस्थेच्या स्वतःच्याच खात्यात आधी न्यावी आणि तिथून ठेव करावी. ‘संकलन खाते’ हा शब्द ऐकलात की उठून यावे.

आठ दिवसांत 12 लाखांच्या चार पावत्या आल्या. कागद जाड, शिक्का ठसठशीत. त्यांतल्या तीन एक वर्षाच्या, व्याज मुदतीअंती मिळणाऱ्या. पावतीवर छापले होते: दर 7.50 टक्के, तिमाही चक्रवाढ, मुदतीअंती 12,90,000. हा आकडाच चूक आहे. तिमाही चक्रवाढीने 12 लाखांचे वर्षात 12,92,563 होतात. 12,90,000 हे सरळव्याज. बँकेचे संगणक अशी चूक करत नाहीत, पण पावती घरी छापणाऱ्याने कॅल्क्युलेटरवर साडेसात टक्के काढले आणि पुढे विचार केला नाही. पाच विश्वस्तांनी पावत्या हाताळल्या, गुणाकार कुणी केला नाही.

चौथी पावती दर तिमाहीला व्याज देणारी होती, आणि विश्वास बसला तो तिच्यामुळे. सप्टेंबर आणि डिसेंबरमध्ये बरोबर 22,500 रुपये जमा झाले. पासबुकातली ती ओळ नीट वाचली असती तर दोन गोष्टी दिसल्या असत्या. एक, नोंद ठेवीच्या व्याजाची नव्हती. पैसे एनईएफटीने, भलत्याच बँकेतून आले होते. दुसरी, रक्कम पूर्ण आली होती. संस्थेकडे टीडीएस, म्हणजे व्याजातून आधीच कापला जाणारा आयकर, न कापण्याचा दाखला नव्हता, म्हणजे खऱ्या बँकेने दहा टक्के कापून 20,250 दिले असते. पूर्ण व्याज आले याचा आनंद झाला, तिथेच शंका यायला हवी होती.

याच कारणाने पॅनवर कापलेल्या कराचे आयकर खात्याचे विवरण (1961 च्या कायद्याखाली फॉर्म 26एएस) हे विश्वस्तांच्या हातातले सगळ्यात सोपे साधन आहे. व्याज मुदतीअंती मिळणार असले तरी त्या वर्षी साठलेल्या व्याजावर बँक मार्चअखेर टीडीएस कापते आणि संस्थेच्या पॅनवर त्याची नोंद होते. ज्या बँकेची पावती कपाटात आहे आणि जिचे नाव त्या विवरणात नाही, त्या ठेवीबद्दल त्याच दिवशी शाखेत जावे. इथे सप्टेंबरच्या व्याजाची नोंद नोव्हेंबरपर्यंत दिसायला हवी होती. बघितलेच नाही. मार्चचे व्याज चुकले, ‘मार्च एंडिंगमुळे सिस्टीम बंद आहे’ असे उत्तर मिळाले, आणि मे महिन्यात खजिनदार पावत्या घेऊन शाखेत गेले तेव्हा ते क्रमांकच बँकेत नाहीत असे कळले.

ऑडिटमध्ये हे का सापडले नाही, असे लोक विचारतात. हिशेब 31 मार्चनंतर तपासले जातात, तोवर पैसे जाऊन नऊ महिने झाले होते. आणि त्याआधी विश्वस्तांनी खात्रीसाठी बँकेचे ठेव प्रमाणपत्र मागितले होते, ते मध्यस्थानेच आणून दिले होते. प्रमाणपत्र मागणारे पत्र लेखापरीक्षकाने आपल्या कार्यालयातून थेट शाखेला पाठवायचे आणि उत्तर थेट त्याच्याकडे यायचे. वाटेत तिसरा हात आला की त्या कागदाला किंमत नाही.

पावती खरी असली तरी धोका संपत नाही. कोरी लेटरहेडे आणि सह्यांचे नमुने ज्याच्याकडे आहेत, तो संस्थेच्या खऱ्या ठेवीवर ओव्हरड्राफ्ट, म्हणजे ठेव तारण ठेवून कर्ज, काढू शकतो. ठेव करतानाच ‘या ठेवीवर कर्ज देऊ नये’ असे ठरावासह लेखी द्या, आणि दर सहा महिन्यांनी मिळणाऱ्या प्रमाणपत्रात ‘ठेवीवर बोजा नाही’ हे वाक्य मागून घ्या. दोन विश्वस्तांनी स्वतः शाखेत जावे. दरवेळी तेच दोघे नकोत.

पैसा कुठे ठेवायचा याचे बंधन कायद्यातच आहे. गुजरात पब्लिक ट्रस्ट कायदा, 1950 च्या कलम 35 प्रमाणे शेड्यूल्ड (रिझर्व्ह बँकेच्या यादीतली) बँक, पोस्ट, सरकारमान्य सहकारी बँक किंवा सरकारी रोखे. बाकी गुंतवणुकीसाठी सहसा चॅरिटी कमिशनरची परवानगी लागते. आयकराच्या सवलतीसाठी वेगळी यादी आहे. 1961 च्या कायद्यात ती कलम 11(5) मध्ये होती. दोन्ही याद्यांत बसेल तेच करावे. ठेव विमा एका बँकेत, सगळ्या शाखा मिळून, पाच लाखांपर्यंतच आहे आणि पतसंस्थेला तो मुळीच नाही.

आणि तूट आली तर ती सभासदांपुढे मांडा. 84,000 रुपयांसाठी त्या वर्षी बडोद्यातल्याच माजी विद्यार्थ्यांना पत्र गेले असते, तर बारा मुलांची फी निघाली असती. आता त्या संस्थेच्या यादीत एकही मूल नाही. गुन्हा नोंदला आहे, पेढीचे खाते गोठवले तेव्हा त्यात फार थोडे शिल्लक होते, आणि चारही पावत्या पोलिसांकडे जमा आहेत.