दहावीची तयारी: आठवीपासून, नववीपासून की दिवाळीनंतर?

आठवीचे निकाल लागले की मला बाजारात जायची चोरी होते. समोर बांगड्यांची पाटी, हातात पिशवी, आणि बाजूला कोणीतरी येऊन उभं राहतं, "टीचर, पोराला आतापासून दहावीची ट्युशन लावू की नववी जाऊ दे?" गोव्यातल्या डिचोलीत इतकी वर्षं हायस्कूलला गणित शिकवल्यावर हे व्हायचंच. पण बांगड्यांचा भाव ठरवता ठरवता या प्रश्नाचं उत्तर देता येत नाही, म्हणून लिहून काढते.

आधी एक सांगते. गोवा बोर्डाचा दहावीचा निकाल २०२५ साली ९५ टक्क्यांच्या वर लागला. तेव्हा मूल पास होईल की नाही, ही धास्ती बहुतेक घरांनी सोडून द्यायला हरकत नाही. खरा प्रश्न आहे तो अकरावीचा. सायन्स घेतलं तर तिथे टिकेल का, की पॉलिटेक्निकचा डिप्लोमा बरा? लवकर तयारी करायची ती या दृष्टीने.

दुसरी गोष्ट कॅलेंडरची. मोठ्या भावंडाच्या वेळचा हिशेब आता चालत नाही. २०२५-२६ पासून सहावी ते दहावी आणि बारावीचे वर्ग एप्रिलमध्येच सुरू झाले, मग मे महिन्याची सुट्टी आणि जूनमध्ये पुन्हा शाळा. म्हणजे नववी संपून दहावी लागेपर्यंत मिळणारी ती ऐसपैस सुट्टी गेली. परीक्षेचंही तसंच. २०२४ला दहावीची परीक्षा १ एप्रिलला सुरू झाली आणि २०२५ला १ मार्चला. एका वर्षात परीक्षा महिनाभर आधी आली!

त्यामुळे "दिवाळीनंतर बघू" हा पर्याय मी पहिल्यांदा निकालात काढते. पूर्वी दिवाळीनंतर पाच महिने मिळायचे. आता चार, त्यातही नाताळ, प्रिलिम आणि प्रोजेक्टच्या वह्या. हुशार आणि पाया पक्का असलेल्या मुलाला तेवढे पुरतात. अशी मुलं मी पाहिली आहेत, पण त्यांचे आईबाप मला बाजारात गाठत नाहीत.

आता आठवी संपताच लावायचा क्लास. त्यात चांगलं काही नाही असं नव्हे. रोज ठरलेल्या वेळी बसायची सवय लागते, आणि आईवडील दोघंही नोकरीला असतील तर संध्याकाळी पोरगं कुठेतरी बसलेलं असतं, हाही मुद्दा आहेच. माझी तक्रार आहे ती पुढे पळण्याबद्दल. बरेच क्लास नववीचं पुस्तक शाळेच्या आधी उरकतात आणि नववीच्याच डिसेंबरात दहावीचं उघडतात. माझा पुतण्या मडगावातल्या अशाच एका क्लासला होता. दहावीच्या चवथीपर्यंत, म्हणजे गणेशचतुर्थीपर्यंत, त्याची त्रिकोणमिती तीनदा 'झाली' होती. साइन तीस किती विचारलं की ताडकन उत्तर. चवथीला सगळे गावच्या घरी जमलो होतो. अंगणातला माड दाखवून मी त्याला म्हटलं, "याची सावली मोजून उंची कशी काढशील? नुसती आकृती काढ." तीन वेळा खोडलं, तरी कोन नेमका कुठे मांडायचा ते कळेना. त्याने ऐकलं पुष्कळ होतं, स्वतः केलं काहीच नव्हतं.

रॉडिगर आणि कार्पिके या दोन अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी २००६ साली नेमकं हेच तपासलं होतं. काही विद्यार्थ्यांनी उतारा पुन्हा वाचला, काहींनी तो मिटून आठवेल तेवढं लिहून काढलं. पाच मिनिटांनी परीक्षा घेतली तर वाचणारे वरचढ, आठवड्याने घेतली तर लिहिणारे. क्लासमध्ये तेच प्रकरण पुन्हा ऐकणं हे पहिल्या गटासारखं. घरी येताना सगळं समजल्यासारखं वाटतं, आणि पालकांनाही तेवढ्यावर समाधान असतं.

नववीपासूनची बेताची तयारी हा तिसरा पर्याय, आणि माझं मत त्याच बाजूला झुकतं. कारण पुस्तकातच आहे. एनसीईआरटीच्या दहावीच्या गणितात १४ प्रकरणं. त्यातली बहुपदी, रेषीय समीकरणं, त्रिकोण, वर्तुळ, निर्देशक भूमिती, पृष्ठफळ आणि घनफळ ही नववीच्या धड्यांवरच उभी आहेत. वर्गसमीकरण अडलं तर बहुधा वर्गसमीकरण अडलेलं नसतंच, आठवीतलं अवयव पाडणं अडलेलं असतं. ज्यांचा गुणाकार १२ आणि बेरीज ७ असे दोन आकडे पटकन सुचत नाहीत, त्याला दहावीची गाईडं किती आणून देणार?

आपल्या मराठी घरांत आणखी एक पेच असतो, तो क्लासवाल्यांच्या जाहिरातीत येत नाही. मूल चौथीपर्यंत मराठी शाळेत शिकतं आणि पाचवीला इंग्रजी माध्यमाच्या हायस्कूलात जातं. सत्तरी तालुक्यातली एक मुलगी माझ्याकडे नववीला आली, तेव्हा दोन तृतीयांश आणि एक चतुर्थांश यांची बेरीज तीन सप्तमांश लिहायची. वर वर, खाली खाली. तिला म्हटलं, "लसावि काढ." चेहरा उजळला. सपाट्याने बारा काढले, अकरा बाराअंश लिहून मोकळी. वर्गात चार वर्षं 'एलसीएम' ऐकत होती, पण तो आपलाच लसावि, हे तिला कोणी सांगितलंच नव्हतं. मग वहीच्या पानावर मधोमध रेघ मारून एका बाजूला छेद, दुसऱ्या बाजूला डिनॉमिनेटर, असे शब्द लिहायला लावले. पहिला पाऊस पडला तेव्हा सुरुवात केली, चवथीच्या सुट्टीपर्यंत चार पानं भरली. त्या चार पानांनी जे झालं ते कुठल्या फाउंडेशन बॅचने झालं नसतं.

म्हणजे लवकर सुरुवात करायची ती मागे जाण्यासाठी. आठवड्याला गणिताचे तीन तास, विज्ञानाचे दोन, आणि शनिवारी पुस्तक मिटून अर्धा तास लिहिणं, एवढं नववीला भरपूर झालं. घरी शिकवणारं कोणी नसेल तर पाचसहा मुलं घेणारी शेजारची ट्युशन मोठ्या क्लासपेक्षा बरी, कारण तिथे वही बघितली जाते. इतिहास-भूगोलासारख्या सामाजिक शास्त्रांना मात्र इतक्या आधी हात लावू नका, ते दहावीच्या जूनपासून पुरतं. मराठीचं तर आपण गृहीतच धरतो, "घरात बोलतो की" म्हणतो आणि पोरगं ऱ्हस्वदीर्घात गुण घालवून येतं. त्याला घरात येणारा पेपर वाचायला लावा, वेगळी ट्युशन नको.

दहावीच्या एप्रिलपासून सुरुवात हा चौथा पर्याय वाईट नाही. आठवी-नववीत पासष्टसत्तर टक्के स्वतःच्या बळावर मिळवणाऱ्याला तेवढं पुरे, आणि त्याचा फुटबॉल बंद करायचंही कारण नाही. उलट खेळात पुढे असलेल्या मुलांना बोर्डाकडून क्रीडागुण मिळतात, ते विसरू नका.

पुढे मेडिकलची नीट किंवा इंजिनिअरिंगची जेईई द्यायची हे मुलानेच ठरवलं असेल, तर आठवीनंतरच्या क्लासचा विचार जरूर करा. 'मुलानेच' हा शब्द मी मुद्दाम लिहिला आहे.

आपलं मूल कुठल्या गटातलं, हे घरच्या घरी बघता येतं. सातवी-आठवीच्या जुन्या पुस्तकांतली दहा गणितं निवडा: दोन अपूर्णांकांची, दोन शेकडेवारीची, तीन अवयवांची, तीन साध्या समीकरणांची. रविवारी सकाळी, मोबाइल दुसऱ्या खोलीत ठेवून. आठ बरोबर आली तर दहावीच्या एप्रिलपर्यंत निवांत राहा. पाच ते सात आली तर नववीपासून लागा. त्याहून कमी आली तर आठवी संपल्यावरच्या मे महिन्यातच बसवा, पण समोर सातवीचं पुस्तक ठेवून.

आणि क्लासच लावायचा ठरला असेल तर फी भरण्याआधी एकच विचारा, "पहिल्या महिन्यात काय घेणार?" पुढच्या वर्षाचं पहिलं प्रकरण सांगितलं तर पिशवी उचलून बाहेर पडा. "आधी त्याची वही दाखवा" म्हणाले तर पैसे भरा.