सेरोटोनिन ॲटलस (कोपनहेगनवाला): काही महिने वापरल्यानंतरचा अनुभव

मेंदूचा अभ्यास करणाऱ्यांनी हा ॲटलस, म्हणजे पेशींमध्ये निरोप नेणाऱ्या सेरोटोनिन या रसायनाच्या यंत्रणेचे मेंदूतले नकाशे, डाउनलोड कराच, फुकट आहे. कोपनहेगनच्या रिग्सहॉस्पिटलमधल्या टीमने २०१७ मध्ये २१० निरोगी लोकांच्या पेट (शरीरात सोडलेला किरणोत्सारी पदार्थ कुठे चिकटतो ते दाखवणारा) आणि एमआरआय स्कॅनवरून तो बनवला. आत पाच नकाशे आहेत, १ए, १बी, २ए आणि ४ हे चार रिसेप्टर (पेशीवरच्या सेरोटोनिनचा निरोप घेणाऱ्या जागा), आणि पाचवा ट्रान्सपोर्टर, म्हणजे वापरलेलं सेरोटोनिन परत पेशीत ओढणारा, ज्याच्यावर डिप्रेशनसाठी देतात त्या एसएसआरआय गोळ्या काम करतात तोच.

मी तो फ्रीसर्फर या मेंदूचे स्कॅन बघायच्या सॉफ्टवेअरमध्ये उघडते. १ए लावला की हिप्पोकॅम्पस (आठवणींशी संबंधित भाग) आणि आजूबाजूचा भाग झळकतो, मग २ए लावा, तिथला जोर ओसरतो आणि वरचं कॉर्टेक्स (मेंदूचा बाहेरचा थर) भरून येतं, सेरेबेलम (मागचा लहान मेंदू) जवळजवळ रिकामं, आणि ४ बघायचा तर खोल आत स्ट्रायटम नावाच्या भागात जावं लागतं. आता सेरोटोनिन पाठवणाऱ्या पेशी जवळपास सगळ्या एकाच ठिकाणी, ब्रेनस्टेममधल्या (मेंदूच्या देठातल्या) राफे नावाच्या पेशीसमूहांत. १ए पेशीला शांत करतो, २ए उत्तेजित करतो, म्हणजे निघालेला निरोप एकच पण कुठल्या भागात पोचला त्यावर त्याचा अर्थ ठरतो! हे वाचलं होतं हो, पण दोन नकाशे शेजारी ठेवल्यावर खरं डोक्यात शिरलं.

ट्रान्सपोर्टरवर मी सगळ्यात जास्त वेळ घालवला. १ए चा नकाशा त्याच्या जीनच्या एमआरएनएशी (प्रोटीन बनवण्यासाठी जीनवरून काढलेली प्रत) छान जुळतो, ट्रान्सपोर्टरचा जुळत नाही, कारण त्याचा एमआरएनए राफेतल्या पेशींमध्ये आणि तयार प्रोटीन मात्र लांबलचक ॲक्सॉनवरून (पेशीच्या तारेसारख्या फांदीवरून) मेंदूभर पोचलेलं. नुसत्या जीन डेटावरून ट्रान्सपोर्टर कुठे आहे ते सांगणाऱ्यांनी हे एकदा बघावंच.

घनतेचे आकडे पिकोमोल प्रति मिलिलिटरमध्ये आहेत, मृत्यूनंतरच्या मेंदूंवरच्या ऑटोरेडिओग्राफीशी (मेंदूच्या कापांवर किरणोत्सारी पदार्थाने केलेलं मोजमाप) ताडून काढलेले, त्यामुळे एका रिसेप्टरची दुसऱ्याशी तुलना करता येते. फक्त कलर स्केल दोन्हीकडे सारखी ठेवा, नाहीतर डोळे फसतात.

राफे स्वतः इतका लहान की पेटमध्ये पुसट येतो, तिथल्या आकड्यांवर फार विसंबू नका. सेरोटोनिनचे रिसेप्टर किमान १४ प्रकारचे, इथे चारच, ३ आणि ७ मला फार हवे होते. आणि कळकळीने सांगते, ही निरोगी लोकांची सरासरी आहे, स्वतःचं किंवा घरच्या कुणाचं डिप्रेशन यात शोधू नका, त्यासाठी डॉक्टरकडेच जा.

कॉर्टेक्ससाठी सरफेस (पृष्ठभागाची) फाइल, आतल्या भागांसाठी व्हॉल्यूमवाली (पूर्ण त्रिमितीय) घ्या, आणि सुरुवात १ए, २ए पासून करा.