गरम-गार करून पोचा काढायचं किट: पत्र्यावर किती चालतं, बंपरवर किती

निपाणी-चिकोडी पट्ट्यात गळीत हंगाम सुरू झाला की उसाच्या ट्रॉलीला घासून आणि बेळगावात पार्किंगमध्ये शेजारच्या गाडीचं दार लागून पोचे पडतात. मग ऑनलाइन किट मागवलं जातं. त्यात ग्लू गन, ग्लूच्या कांड्या, पत्र्याला चिकटवायचे प्लास्टिकचे टॅब, तो टॅब धरून ओढणारा दोन पायांचा पुलर आणि उंचवटा ठोकून बसवायची नायलॉनची कांडी असते. काही विक्रेते सोबत हीट गन आणि गार करायचा स्प्रेही देतात. ड्रायर फिरवून स्प्रे मारला की पोचा टक्‌कन बाहेर, असं जाहिरातीत दाखवतात. किट घेण्यासारखं आहे, पण त्यातलं खरं काम ग्लू आणि पुलर करतात.

कारण साधं आहे. दाराचा पत्रा ०.७ ते ०.८ मिलिमीटरच्या आसपास असतो. त्याचा १० सेंटिमीटरचा पट्टा ५० अंशांनी तापवला तरी तो साधारण ०.०६ मिलिमीटरच वाढतो, म्हणजे केसाच्या जाडीइतका. तीन-चार मिलिमीटर खोल पोचा एवढ्या हालचालीने ओढला जात नाही. पत्रा ताणला न जाता नुसता आत बसला असेल, तरच गरम-गार केल्यावर तो उलटतो. असा पोचा पसरट असतो, त्यात दुमड नसते आणि आतून अंगठ्याने दाबलं की पत्रा लवतो. छत, बॉनेट किंवा दाराचा मधला भाग इथे हे जमतं. बॉडी लाइनवर (पत्र्यातल्या उठावदार रेघेवर) किंवा कडेला पडलेल्या पोच्यावर स्प्रे संपवू नका.

स्प्रेबद्दल एक गोष्ट विक्रेते सांगत नाहीत. गार करायला बहुधा एअर डस्टरचा (धूळ उडवायच्या स्प्रेचा) डबा वापरतात; तो उलटा धरला की बऱ्याच ब्रँडमध्ये डायफ्लुओरोइथेन द्रवरूपात बाहेर येतं. ते उणे २५ अंशांच्या आसपास उकळतं आणि पेट घेतं. म्हणून हीट गन बंद करून लांब ठेवा, गॅरेजचं शटर उघडं ठेवा, हातमोजे घाला. पत्रा हात दोन-तीन सेकंद ठेवता येईल इतकाच तापवा. हीट गन एकाच जागी धरली तर क्लिअर कोटला (रंगावरच्या पारदर्शक थराला) फोड येतात, आणि जुन्या रंगावर एकदम थंडावा बसला की बारीक चिरा पडतात.

आता ग्लूचं काम. आधी गाडी त्या जागी पुन्हा रंगवलेली आहे का ते बघा. जाडी मोजायचं मीटर असेल तर कंपनीचा रंग साधारण १०० ते १५० मायक्रॉन दाखवतो. ३०० च्या वर आकडा गेला की खाली लांबी (पुट्टी) भरलेली आहे असं धरा. मीटर नसेल तर फडक्यात गुंडाळलेलं चुंबक फिरवा, लांबीवर ते ढिलं धरतं. तिथे टॅब लावला तर रंगाचा पापुद्राच हातात येतो. (चुंबक कुठेच धरत नसेल तर पत्रा ॲल्युमिनियमचा आहे, तो अनुभवी माणसाकडेच द्या.)

रंग शाबूत असेल तर जागा आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा. पॉलिश किंवा मेण राहिलं की टॅब सुटतो. डिसेंबरच्या सकाळी बेळगावात पत्रा गारढोण असतो, त्यावर ग्लू पकडायच्या आतच आळतो, म्हणून आधी पत्रा कोमट करा. उलट एप्रिलच्या दुपारी काळ्या बॉनेटवर ग्लू आळतच नाही. काम सकाळी सावलीत करा. टॅबवर दोन-तीन मिलिमीटर ग्लू घालून तो पोच्याच्या सर्वांत खोल जागी लावा, दाबून चेपू नका. ग्लू आळला की पुलरचा स्क्रू हळूहळू फिरवा. एका दमात ओढलं की मधे टेकाड उभं राहतं, मग ते नायलॉनच्या कांडीने हलकं ठोकत बसवावं लागतं. थोडं ओढायचं, तिरप्या उजेडात बघायचं, पुन्हा लावायचं. टॅब काढताना कडेला अल्कोहोल सोडा, उपटू नका. किटमधल्या कांड्या बहुतेक कच्च्या असतात. पोचे काढायची वेगळी ग्लू स्टिक घ्या, फरक लगेच कळतो.

बंपरवर मात्र गरम-गार खरंच चालतं, आणि त्याला किटची गरजही नाही. बंपर बहुधा पॉलिप्रॉपिलिनचा असतो, उकळत्या पाण्याने तो मऊ होतो. चाकाच्या बाजूचं लायनर (आतलं प्लास्टिकचं आवरण) सोडवून आत हात जाईल अशी वाट करा, दोन-तीन लिटर उकळतं पाणी पोच्यावर सावकाश ओता, जाड हातमोज्याने आतून दाबा आणि आकार आला की लगेच गार पाणी मारा. पार्किंग सेन्सर असेल तर वायर आधी सोडवा. जिथे प्लास्टिक पांढरं पडलंय ती खूण जात नाही आणि तडकलेला रंग रंगवावाच लागतो.

गॅरेजमध्ये पत्रा गॅसने लाल करून ओल्या फडक्याने गार करतात, ते काम वेगळं. ताणलेला पत्रा त्याने आकसतो, पण रंग जळतो आणि आतलं गंजरोधक मेणही (कॅव्हिटी वॅक्स) जातं. खानापूरच्या पावसाळ्यात तिथून गंज आतून सुरू होतो. म्हणून गॅस लावायला दिलाच, तर आतून पुन्हा कॅव्हिटी वॅक्स मारून घ्या, आणि पिलर (छताला आधार देणारे खांब) किंवा दाराखालच्या पट्टीवर गॅस लावू देऊ नका; तिथलं जास्त ताकदीचं पोलाद तापवलं की कमजोर पडतं.