पहिलं कुठलं ऐकावं: ‘ऑटोमॅटिक’ की ‘कोफुकुरोन’?

पुण्यात जपानी शिकणारे खूप आहेत आणि त्यातले बरेच जण शिकता शिकता जपानी गाण्यांपर्यंत येतात. मग कुठून सुरुवात करायची, असा प्रश्न पडतो. माझं मत असं की गायिकेच्या पहिल्या सिंगलपासून, म्हणजे एक-दोन गाण्यांच्या छोट्या सीडीपासून करावी. 1998 हे साल त्यासाठी फारच समृद्ध. मिसिया, हामासाकी आयुमी, आइको या सगळ्या त्याच वर्षी आल्या. पण निवड करायची तर मी दोघींतूनच करेन: उतादा हिकारू आणि शीना रिंगो. दोघी एकाच कंपनीच्या, तोशिबा ईएमआयच्या.

उतादाचं ‘ऑटोमॅटिक / टाइम विल टेल’ 9 डिसेंबर 1998 ला आलं, तेव्हा ती 15 वर्षांची होती. जन्म न्यूयॉर्कचा, आई फुजी केइको ही एन्काची, म्हणजे जुन्या जपानी धाटणीच्या भावगीतांची, नावाजलेली गायिका. त्याआधी ‘क्युबिक यू’ या नावाने तिचा इंग्रजी अल्बम येऊन गेला होता, त्यामुळे माइकसमोर ती नवखी नव्हती आणि ते ऐकू येतं. सातव्या घंटेला फोन उचलला जातो, एवढ्याशा प्रसंगावर गाणं सुरू होतं. पण ती ओळ ती शब्दाच्या सीमेवर तोडत नाही, तालाच्या सोयीने शब्दाच्या मधेच तोडते. पहिलंच अक्षर एकटं पडतं आणि उरलेला शब्द पुढच्या ठोक्यावर येतो. अमेरिकी आर अँड बीची (रिदम अँड ब्लूज या संगीतप्रकाराची) लय जपानी भाषेत इतक्या सहज बसलेली तोवर फार थोड्यांनी ऐकली होती. आवाजात किंचित कंप आहे, श्वासही ऐकू येतो. तरी कुठेही ओढाताण नाही. मला हे गाणं आजही ताजं वाटतं.

विक्रीचा हिशेबही विलक्षण आहे. हे सिंगल 8 सेंटिमीटर आणि 12 सेंटिमीटर अशा सीडीच्या दोन आकारांत निघालं. जपानी विक्रीची क्रमवारी लावणाऱ्या ओरिकॉनने दोन्ही वेगवेगळी मोजली, म्हणून छोटं चौथ्या आणि मोठं दुसऱ्या क्रमांकापर्यंतच पोचलं. एकत्रित खप मात्र 20 लाखांच्या वर गेला.

शीनाच्या ‘कोफुकुरोन’चं नशीब अगदी वेगळं. 27 मे 1998 ला ते आलं आणि फारसं कुणाच्या लक्षात आलं नाही. शीना तेव्हा 19 वर्षांची. पुढची सिंगल्स आणि पहिला अल्बम गाजल्यावर 1999 च्या ऑक्टोबरमध्ये ते मोठ्या आकारात पुन्हा काढलं, तेव्हा कुठे पहिल्या दहांत आलं. चाल सरळ, गोड, गिटारवर उभी. संगीतसंयोजन कामेदा सेइजीचं. नावाचा अर्थ ‘सुखाचा सिद्धांत’. सुख म्हणजे काय याचा शोध घेणारी मुलगी शेवटी ते समोरच्या माणसाच्या असण्यात शोधते. पुढे जी धारदार, नाटकी शीना रिंगो आपल्याला भेटते, ती इथे पुरती उलगडलेली नाही. मात्र पहिल्या अल्बमवर तिने हेच गाणं आवाज मुद्दाम विस्कटून, वेगाने, जवळजवळ ओरडत गायलं आहे. दोन्ही रूपं लागोपाठ ऐकली की तिची जिद्द कळते. एकटं सिंगल ऐकून तिच्याविषयी मत बनवणं तिच्यावर अन्यायाचं होईल.

डिस्कच हवी असेल तर ‘ऑटोमॅटिक’ जुन्या बाजारात सहज सापडतं, 1998 चं छोटं ‘कोफुकुरोन’ त्या मानाने दुर्मिळ. छोटी डिस्क ट्रे असलेल्या प्लेअरमध्ये आतल्या खोबणीत बसते. फटीतून डिस्क ओढून घेणाऱ्या प्लेअरमध्ये किंवा गाडीच्या स्टिरिओत ती घालू नये, अडकते. म्हणून दोन्हींची 12 सेंटिमीटरची आवृत्तीच घ्यावी. उतादाच्या ‘फर्स्ट लव्ह’ अल्बमवरचं ‘ऑटोमॅटिक’ थोडं संपादित आहे, तेव्हा अल्बम असला तरी सिंगल घेण्यात अर्थ आहे.

एकच घ्यायचं असेल तर निःसंकोच ‘ऑटोमॅटिक’. ते पहिल्याच प्रयत्नात पूर्ण झालेलं काम आहे. रॉककडे ओढा असेल तर शीना, पण सिंगलसोबत तो पहिला अल्बम घेऊनच. आणि दोघी आवडल्या तर 2016 च्या उतादाच्या ‘फँटोम’ अल्बमवरचं दोघींचं युगुलगीत जरूर ऐका.