कोकणात जिओकॅशिंग: थेट डबी शोधायची की आधी युद्धातलं कोडं फोडायचं?

सुट्टीत गावाकडे जाताना मुलांना काहीतरी उद्योग हवा म्हणून जिओकॅशिंगकडे वळणाऱ्यांपुढे एकाच शोधात कधी कधी दोन वाटा असतात. पहिली सरळ: फोनवर अक्षांश-रेखांश टाकायचे, लपवलेली डबी हुडकायची, आतल्या वहीत नाव लिहायचं आणि डबी होती तिथे ठेवायची. दुसरी ऐच्छिक: महायुद्धातल्या पद्धतीचा सांकेतिक संदेश उलगडला, तरच शेवटच्या डबीचा पत्ता लागतो. रजा चारच दिवसांची असेल तर निवड करावीच लागते.

सरळ शोधाला तयारी फार लागत नाही. मे २०००च्या सुरुवातीला अमेरिकेने नागरी जीपीएसमधली मुद्दाम ठेवलेली चूक काढून टाकली आणि लगेच ३ मेला ऑरेगॉनमध्ये पहिली डबी लपवली गेली, त्यावर हा सगळा खेळ उभा आहे. उघड्या सड्यावर, म्हणजे कातळाच्या पठारावर, फोन तुम्हाला चार-पाच मीटरपर्यंत नेऊन सोडतो. माडा-पोफळीच्या दाट वाडीत तोच बाण भलतीकडे फिरतो. खेळाच्या संकेतस्थळावर प्रत्येक डबीचं एक पान असतं; त्यावर वाट किती अवघड ते एक ते पाच अशा श्रेणीत दिलेलं असतं, पण त्यावर डोळे मिटून विसंबू नका. ओहोटीला दोनचा वाटणारा खडक भरतीत चारचा होतो, आणि भरतीची वेळ रोज सुमारे पन्नास मिनिटांनी पुढे सरकते.

दुसरी काळजी फुरशाची. जांभ्याच्या दगडाखाली हात घालण्याआधी काठीने चाचपा. हे रत्नागिरीकरांना सांगायला नको, पुण्या-मुंबईहून येणाऱ्यांना सांगायला हवं. शिवाय डबी गुपचूप शोधावी असा या खेळाचा संकेत आहे. मालवणकडे तो पाळणं कठीण. गडग्यापाशी घुटमळलात की ‘खंयसून इलास? काय हरवला?’ होणारच. लपवाछपवी केली तर अर्धी वाडी गोळा होते. सरळ सांगून टाकलेलं बरं.

कोड्याच्या वाटेचं सगळं कोडं कसलं आहे त्यावर. नुसतं ‘एनिग्मा’, म्हणजे युद्धातलं जर्मनांचं सांकेतिक यंत्र, वाचून हुरळून जाऊ नका. पाचांतून निवडलेली तीन चक्रं आणि अक्षरांच्या दहा जोड्या जोडणाऱ्या तारा धरल्या तर त्या यंत्राच्या मांडण्या होतात १५९ वर अठरा शून्यं. मांडणी डबीच्या पानावरच्या गोष्टीत कुठेतरी दडवून दिली असेल तर काम फक्त ती ओळखून संगणकावरच्या नकली यंत्रात टाइप करायचं उरतं. दिलीच नसेल तर सोडून द्या, ती सुट्टी नव्हे. प्लेफेअर ही सांकेतिक लिपी मात्र खरंच कागद-पेन्सिलीची: पाच बाय पाचचा चौकोन, एक कळशब्द, अक्षरं जोडीजोडीने बदलायची. ऑगस्ट १९४३मध्ये सॉलोमन बेटांजवळ जॉन केनेडी यांची बोट बुडाल्याचा संदेश याच पद्धतीने गेला होता. दिवा-सावंतवाडी गाडीत बसून असं एखादं सुटू शकतं.

आणि किनाऱ्यावर एक सवलतही मिळते. कोड्याच्या पानावर नकाशासाठी दिलेली बनावट खूण आणि खरी डबी यांत साधारण ३.२ किलोमीटरहून जास्त अंतर ठेवायचं नाही, असा नियम आहे. म्हणजे मालवणजवळचा संदेश असेल तर उत्तर अक्षांश १६ आणि पूर्व रेखांश ७३, हे फोडण्याआधीच ठाऊक! एनिग्मावर आकडेच नव्हते, ते शब्दांत लिहावे लागत. म्हणून ब्लेचली पार्क या ब्रिटिशांच्या संकेत फोडणाऱ्या केंद्रात ‘आइन्स’, म्हणजे जर्मन ‘एक’, निरनिराळ्या मांडण्यांत कसा दिसेल याची सूचीच केली होती. तुम्हीही ‘सिक्स्टीन’ संदेशाखाली सरकवून पाहा. एनिग्मात काय किंवा प्लेफेअरमध्ये काय, कुठलंही अक्षर स्वतःतच बदलत नाही. त्यामुळे जिथे तेच अक्षर त्याच अक्षराखाली आलं, ती जागा बाद.

युद्धाचा विषय इथे उपरा वाटत असेल तर मुरगावचं बंदर आठवा. तटस्थ पोर्तुगीज गोव्यात अडकलेलं ‘एहरेनफेल्स’ हे जर्मन मालवाहू जहाज बिनतारी यंत्रावरून पाणबुड्यांना खबरा देतं, असा ब्रिटिशांचा संशय होता. ९ मार्च १९४३च्या रात्री कलकत्ता लाइट हॉर्स या ब्रिटिशांच्या राखीव घोडदळाच्या लोकांनी त्यावर चाल केली आणि जर्मन खलाशांनी ते स्वतःच बुडवलं.

माझं मत विचाराल तर दहा वर्षांखालची मुलं बरोबर असताना सरळ डबीच. कोडं बारा-तेरा वर्षांपुढच्यांना, तेही पावसाळ्यात घरी बसून. आषाढ-श्रावणात सडा निसरडा आणि समुद्र खवळलेला, तेव्हा नाहीतरी बाहेर पडवत नाही. डबी दिवाळीत काढता येते.

निघण्यापूर्वी उत्तर नकाशावर मात्र टाका. किनाऱ्यालगत खुणेभोवतीच्या ३.२ किलोमीटरच्या वर्तुळात निम्मं पाणीच असतं. बिंदू खाडीच्या मधोमध पडला, तर होडी ठरवण्याआधी चौकोन पुन्हा मांडा.